ईएसएल शिकवायचंय? मग थोडा कायदा, थोडं भाषाशास्त्र

अमेरिकेत आल्यावर आपल्याकडच्या बऱ्याच जणी (आणि हल्ली काही जण पण) वर्क परमिट हातात पडलं की आधी सबस्टिट्यूट (बदली) टीचर म्हणून जायला लागतात, मग हळूहळू शिक्षकाच्या लायसन्सच्या मागे लागतात आणि मग कोणीतरी सांगतं की ईएसएलचं (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवायचं) सर्टिफिकेट पण घेऊन टाक, नोकरी लवकर लागते. म्हणून कोर्सला नाव घालायचं तर पहिल्याच महिन्यात दोन गठ्ठे समोर येतात, एकात कोर्टाचे निकाल आणि दुसऱ्यात फोनीम (ध्वनी), मॉर्फीम (शब्दाचे अर्थ असलेले तुकडे), सिंटॅक्स (वाक्यरचना), आणि या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे हे कोणी नीट सांगत नाही, दोन्ही पाठ करा आणि परीक्षा द्या. नातं आहे, आणि ते कळलं की दोन्ही गठ्ठे बरेच हलके होतात. इथला कायदा शाळेला म्हणतो की इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी तुम्हाला काहीतरी करावंच लागेल, हात वर करता येणार नाहीत. पण नेमकं काय करायचं ते कायदा सांगत नाही, ते तुम्ही शोधायचं, आणि शोधताना जे हाताशी लागतं ते भाषाशास्त्र.

ज्यांची मुलं इथल्या शाळेत आत्ताच घातलीत त्या आईबाबांनीही वाचा, तुमच्या कामाचं पुढे बरंच आहे.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोपासून. १९७० च्या आसपास तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं होती, त्यातल्या साधारण हजार मुलांना इंग्रजीची वेगळी शिकवणी मिळत होती आणि उरलेल्या अठराशेंना काहीच नाही, ती रोज वर्गात येऊन बसायची आणि घरी जायची. त्यांच्यातल्या लाऊ आडनावाच्या एका मुलाच्या नावाने केस उभी राहिली. शाळेचं म्हणणं असं की आम्ही कुठे भेदभाव केला, सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच वर्ग दिलाय की. वरवर पाहिलं तर बरोबरच वाटतं हे. खालच्या दोन्ही कोर्टांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला सुद्धा. पण २१ जानेवारी १९७४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं, न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक होत नाही, त्या मुलाच्या हाती खऱ्या अर्थाने शिक्षण येतच नाही. आधार घेतला तो १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधल्या टायटल सिक्सचा, ज्यात वंश, रंग आणि मूळ देश यावरून सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेने भेदभाव करायचा नाही असं आहे. भाषा हा शब्द त्यात नाही बरं का, पण भाषेवरून अडवणं म्हणजे मूळ देशावरून अडवणंच, असा तो धागा आहे.

आता गंमत अशी की उपाय काय करायचा हे कोर्टाने सांगितलं नाही. इंग्रजी शिकवा हा एक मार्ग, चिनीतून शिकवा हा दुसरा, आणखीही असतील, असं म्हणून चेंडू परत शाळेकडे टोलवला. त्यामुळे लाऊ केसने द्विभाषिक शिक्षणाचा हक्क दिला असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ते चूक आहे, परीक्षेत हमखास फसवायला विचारतात हे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) इक्वल एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटीज ॲक्ट केला आणि त्यात एक छोटंसं कलम टाकलं की मुलांच्या बरोबरीने शिकण्याच्या आड येणारा भाषेचा अडथळा दूर करायला शाळेने योग्य ती कारवाई केली पाहिजे. योग्य म्हणजे? परत तेच. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवायचं ते ‘शक्य असेल तिथवर’ असं लिहून ठेवलंय, तसलाच हा सैल नाडा. पण इथे कोर्टाने सात वर्षांनी ती नाडी जरा आवळली.

टेक्सासमधलं रेमंडव्हिल, १९८१, कास्तान्येदा नावाच्या वडिलांची शाळेविरुद्ध केस. फिफ्थ सर्किट कोर्टाने (सुप्रीम कोर्टाच्या खालचं अपिलाचं कोर्ट) तीन प्रश्न ठरवून दिले आणि आज ईएसएलचा कुठलाही कार्यक्रम याच तीन प्रश्नांवर तपासतात. तुमच्या कार्यक्रमामागे जाणकारांनी मान्य केलेला काही विचार आहे का, तो विचार खरोखर राबवायला लागणारी माणसं आणि साधनं तुम्ही दिलीत का, आणि काही काळाने बघितलंत का की मुलं खरंच पुढे गेली, नसतील गेली तर बदललंत का. बस एवढंच. त्या शाळेचं काय झालं तर त्यांचा विचार ठीक होता, कार्यक्रम द्विभाषिक होता, पण शिक्षकांना स्पॅनिशसाठी १०० तासांचा कोर्स दिला होता ज्यात साधारण ७०० शब्द शिकवायचे, आणि एवढ्या शब्दांवर ते म्हणे स्पॅनिशमधून वर्ग घेणार होते. ७०० शब्दांत वर्ग कसा घेणार, भाजीबाजारात घासाघीस करायला सुद्धा कमी पडतील! कोर्टालाही तेच वाटलं आणि त्या मुद्द्यावर त्यांनी शाळेला परत कामाला लावलं.

मला विचाराल तर या सगळ्या गठ्ठ्यातला सगळ्यात कामाचा निकाल हाच, कारण पहिला प्रश्न सरळ भाषाशास्त्राच्या दारात नेऊन सोडतो. तुम्ही जे करताय त्यामागे विचार काय, हे शाळेच्या मीटिंगमध्ये कोणीही विचारू शकतं, आणि त्याला ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे उत्तर चालत नाही.

बाकीचे दोन पटकन. १९८२ ची प्लायलर केस, टेक्सासमधलं टायलर गाव, तिथे कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर फी मागत होते, सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की इमिग्रेशनच्या स्टेटसवरून मुलाला सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. म्हणून ॲडमिशनच्या वेळी पत्त्याचा पुरावा मागणं ठीक, व्हिसा मागायचं कारण नाही. आणि त्याही आधीची, १९२३ ची मायर विरुद्ध नेब्रास्का, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनविरोधी लाटेत नेब्रास्काने आठवी पास होईपर्यंत परकी भाषा शिकवायची नाही असा कायदा केला होता आणि एका शिक्षकाला जर्मन शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला, तो कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा ज्या मोकळेपणाने भरतात त्याची मुळं कुठेतरी तिथवर जातात.

आणि सध्याचं वातावरण? मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली, आणि त्याच वर्षी शाळांना या जबाबदाऱ्या सविस्तर समजावणारं २०१५ चं सरकारी मार्गदर्शनपत्र मागे घेतलं गेलं, त्यावरून व्हॉट्सॲपवर ‘आता ईएसएल बंद’ असले मेसेज फिरायला लागतात. मार्गदर्शन आणि कायदा यात फरक आहे. टायटल सिक्स, १९७४ चा कायदा आणि कोर्टाचे निकाल हे एखादं पत्र मागे घेऊन पुसले जात नाहीत. अंमलबजावणी करणारा ढिला पडू शकतो, ते वेगळं, आणि ती काळजी खरी आहे.

आता शाळेच्या ऑफिसात या. मूल दाखल करताना एक फॉर्म देतात, होम लँग्वेज सर्व्हे, त्यात साधारण तीन प्रश्न: मूल आधी कुठली भाषा बोलायला शिकलं, आता जास्त कुठली बोलतं, घरात कुठली बोलतात. कुठेही इंग्रजीशिवाय दुसरं काही लिहिलं की मुलाची छोटी चाचणी घेतात. आणि इथेच आपली मंडळी हुशारी करतात, मुलाला ‘ईएसएल’चा शिक्का नको म्हणून सगळीकडे इंग्लिश लिहून मोकळी होतात, मूल आठवड्यापूर्वी नाशिकहून आलेलं असलं तरी. अहो, मराठी लिहिलं म्हणून कोणी लगेच मुलाला वेगळ्या वर्गात नेत नाही, ते चाचणीवर ठरतं, आणि पुण्याच्या इंग्लिश मीडियममधून आलेली कितीतरी मुलं त्यात आरामात पास होतात. जे पास होत नाही त्याला मदतीची गरज असते, आणि तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत तर ती मदत मिळायला उशीर होतो एवढंच. शिक्षक म्हणून तुमच्या लक्षात ठेवायचं ते असं की फॉर्मवर इंग्लिश लिहिलेलं असलं तरी वर्गात शंका आली तर चाचणीसाठी नाव देता येतं.

चाचणीत मदत लागेल असं निघालं तर शाळेने पालकांना वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं, मूल वर्षाच्या मधेच आलं तर दोन आठवड्यांत. पालक नको म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. पण नको म्हटलं तरी मुलाची नोंद तशीच राहते आणि दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते (बऱ्याच राज्यांत ती विडा (WIDA) नावाच्या संस्थेची असते, कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्कची आपापली), आणि शाळेची जबाबदारीही संपत नाही. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सही केली की सुटलो.

मग वर्षभराने होतं काय, तीच नाशिकची मुलगी, तिसरीतली धरा, मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलायला लागते, मैत्रिणींशी भांडते, जोक मारते, आणि आई म्हणते की आता कशाला हवंय ईएसएल, आणि कधी कधी वर्गशिक्षिकासुद्धा तेच म्हणते. इथे जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला फरक कामाला येतो. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते, कारण समोर माणूस असतो, हातवारे असतात, नाही कळलं तर चेहऱ्यावरून कळतं. दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, कारण तिथे समोर नुसता कागद असतो. टेबल म्हणजे जेवायचं टेबल हे तिला येतं, पण गणितात टेबल म्हणजे पाढा, विज्ञानात टेबल म्हणजे तक्ता. ऑड म्हणजे विचित्र, आणि विषम संख्या पण. मीन म्हणजे दुष्ट, आणि सरासरी पण. व्हॉल्यूम टीव्हीचा आणि व्हॉल्यूम डब्याचा. मैदानावर बोलणाऱ्या मुलीला या दुसऱ्या अर्थांचा पत्ताच नसतो, आणि ती अडली की लोक म्हणतात गणितात कच्ची आहे. ती कच्ची नसते, तिला अपूर्णांक अंश-छेदासकट येत असतात, प्रश्न कळलेला नसतो. (आणि एक लाख लिहिताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दिला म्हणून लाल पेनाने चूक दाखवणारे शिक्षक असतात, त्यांना आधी विचारा की आकडा वाचलात का.)

आता ध्वनी. इथल्या कोर्समध्ये फोनेटिक्सचा तक्ता आला की अमेरिकन वर्गमित्र घाबरतात, तुम्ही घाबरू नका, तुम्ही तो पहिलीत पाठ केलाय. क ख ग घ कंठ्य, च छ ज झ तालव्य, ट ठ ड ढ मूर्धन्य, त थ द ध दंत्य, प फ ब भ ओष्ठ्य, म्हणजे तोंडात मागून पुढे येत ओठांपर्यंत, आणि प्रत्येक ओळीत आधी कठोर मग मृदू, प्रत्येकात अल्पप्राण आणि महाप्राण. हाच तर तो तक्ता! इंग्रजीच्या ए बी सी डीला असला काही क्रमच नाही म्हणून त्यांना तो वेगळा शिकावा लागतो.

आणि हे नुसतं मिरवायला नाही, वर्गात रोज लागतं. इंग्रजीत भूतकाळाचा ईडी तीन तऱ्हेने उच्चारतात, वॉक्ट, प्लेड, वाँटेड. नियम काय? क्रियापद कठोर व्यंजनाने संपत असेल तर ट, मृदूने किंवा स्वराने संपत असेल तर ड, आणि मुळातच ट किंवा ड असेल तर मधे एक इ घालून इड. संधी शिकलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. स्पेलिंग बघून ‘वॉकेड’ म्हणणाऱ्या मुलाला दहा वेळा ‘असं नाही, असं’ म्हणून काही होत नाही, गळ्यावर बोट ठेवून थरथर जाणवते का ते बघ (मृदूला जाणवते, कठोरला नाही) म्हटलं की होतं.

कोणाची जीभ कुठे अडणार हे त्याच्या घरच्या भाषेवरून बरंचसं आधीच सांगता येतं. इथल्या ईएसएलमधली बहुतेक मुलं स्पॅनिश बोलणारी, त्यांच्या भाषेत स नंतर लगेच व्यंजन घेऊन शब्द सुरूच होत नाही म्हणून स्कूलचं एस्कूल होतं, उत्तरेकडचे आपले लोक इस्कूल म्हणतात तसंच. स्पॅनिशला स्वर पाचच, त्यामुळे शिप आणि शीप कानाला एकच. चिनी मुलं अनेकवचनाचा एस आणि भूतकाळाचा ईडी खातात, कारण त्यांच्या भाषेत शब्दाला शेपूट लावून काळ-वचन दाखवायची पद्धतच नाही. आणि मराठी मूल? व्हेस्ट आणि वेस्ट दोन्ही एकाच व मध्ये बसवतं. ए आणि द गाळतं, कारण आपल्याकडे आर्टिकल नाही. पिन म्हणताना सरळ प म्हणतं, पण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी थोडा फुंकर मारून येतो, महाप्राणाकडे झुकलेला, त्यामुळे अमेरिकन शिक्षिकेला तिथे चक्क बिन ऐकू येतं आणि ती स्पेलिंग चुकलं असं धरते. शब्दावरचा जोर हा आणखी एक घोळ, फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, फटॉग्रफर म्हणताना दुसऱ्यावर सरकतो आणि बाकीचे स्वर अ होऊन विरघळतात. मराठीत असं काही होत नाही, म्हणून आपली मुलं प्रत्येक अक्षर सारखं ठासून म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते घाईचं वाटतं.

हे सगळं चूक म्हणून मोजायचं का? इथे एक केस आठवते जी कोर्समध्ये अर्ध्या पानात उरकतात, खरं तर ती आधी शिकवायला हवी. मिशिगनमधलं ॲन आर्बर, १९७९. एका प्राथमिक शाळेतली गरीब वस्तीतली काळी मुलं वाचनात मागे पडत होती आणि शाळा त्यांच्यावर वेगवेगळे शिक्के मारत होती. त्यांच्या आयांनी केस केली, विल्यम लाबोव्ह आणि जिनिव्हा स्मिदरमन यांच्यासारखे भाषाअभ्यासक कोर्टात साक्षीला आले आणि त्यांनी सांगितलं की ही मुलं मोडकंतोडकं इंग्रजी बोलत नाहीत, त्यांची बोली आहे आणि तिला स्वतःचे पक्के नियम आहेत. जज चार्ल्स जॉयनर यांनी १९७४ च्या त्याच कलमाखाली शाळेला सांगितलं की तुमच्या शिक्षकांना ही बोली माहीत नाही आणि त्यावरून ते मुलांना कमी लेखतात, हा अडथळा आहे, शिक्षकांना शिकवा. मुलांच्या भाषेला नाही, शिक्षकांच्या अज्ञानाला अडथळा म्हटलं! एवढं थेट भाषाशास्त्र कोर्टाच्या निकालात क्वचितच सापडेल.

आपल्या मुलांचं भारतीय इंग्रजी याच नजरेने बघावं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही आळशी चूक नाही, कोट्यवधी लोक तसं बोलतात. मुलाला इथली पद्धत जरूर शिकवा, पण ‘शाळेत असं लिहितात’ म्हणून शिकवा, ‘तुझं चुकलं’ म्हणून नको. रबर मागितला की सहावीचा वर्ग खिदळतो (इथे रबर म्हणजे कंडोम), तो शब्द इरेजर हे पहिल्याच दिवशी कोणीतरी कानात सांगून ठेवा बिचाऱ्याला. आणि ती मान हलवायची सवय, हो म्हणताना आडवी डोलवतात, शिक्षिका समजते नाही म्हणतोय. शिक्षकाच्या नजरेला नजर न देणं म्हणजे आपल्याकडे मान देणं, इथे त्यालाच लक्ष नाही म्हणतात. सुरुवातीचे काही महिने काही मुलं अजिबात बोलत नाहीत, ऐकत असतात, साठवत असतात, त्यांना सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावू नका, बोट दाखवून, चित्र काढून उत्तर देऊ दे.

एक सल्ला मात्र ऐकला की मला राग येतो, ‘घरी पण इंग्रजीच बोला म्हणजे लवकर येईल’. चांगल्या मनाने देतात, पण चुकीचा आहे. वाचायचं कसं, गोष्टीचा सार कसा काढायचा, कारण आणि परिणाम कसे ओळखायचे, हे एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागत नाही, नुसते शब्द लागतात. आजीने मराठीत गोष्ट सांगून ‘मग पुढे काय झालं असेल?’ विचारणं हे इथल्या रीडिंग पिरियडचंच काम आहे. उलट आईबाबांनी स्वतःच्या तोकड्या इंग्रजीत मुलाशी बोलायचं ठरवलं तर बोलणंच कमी होतं.

मूल परीक्षा पास होऊन ईएसएलमधून बाहेर पडलं तरी निदान दोन वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायची पद्धत आहे, आणि ते लक्ष नुसतं फाइलीत टिक करून होत नाही, समाजशास्त्राच्या धड्यात अडतंय का ते वर्गशिक्षकाला जाऊन विचारावं लागतं.

राहिला सगळ्यात नाजूक विषय, स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचं खास शिक्षण. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डायना नावाने ओळखली जाणारी केस झाली, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचणीने मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं, त्यांच्या भाषेत परत चाचणी घेतल्यावर बहुतेकांचा निकाल वेगळाच आला. त्यानंतर नियम आला की मुलाला येणाऱ्या भाषेत तपासा, नुसतं इंग्रजी येत नाही म्हणून अपंगत्व ठरवता येत नाही. पण उलटी चूकही तितकीच वाईट, ‘आधी इंग्रजी येऊ दे, मग बघू’ म्हणून खरी अडचण असलेल्या मुलाची दोन-दोन वर्षं वाया घालवायची. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तपासणी लांबवता येत नाही, आणि गरज असेल तर ईएसएल आणि स्पेशल एज्युकेशन दोन्ही एकाच वेळी मिळायला हवं, एक घेतलं तर दुसरं सोडा असं कोणी म्हणालं तर लेखी मागा.

ओळखायचं कसं? सगळ्यात आधी आईला विचारा की मराठीत कसा बोलतो, कधी बोलायला लागला, गोष्ट नीट सांगतो का, दोन गोष्टी एकदम आणायला सांगितल्या तर लक्षात राहतात का, त्याच वयाच्या चुलतभावापेक्षा वेगळा वाटतो का. मराठीतही तीच अडचण असेल तर तपासणीसाठी नाव द्या, नुसती इंग्रजीतच असेल तर आधी वर्गातली मदत वाढवा. हे बोलणं दुभाष्यामार्फत करा, फोनवरचे दुभाषे बऱ्याच शाळांकडे असतात, त्या मुलाला किंवा त्याच्या मोठ्या ताईला मधे बसवून करू नका. आणि तुम्ही स्वतः मराठी असाल तर शाळा तुम्हालाच फुकटात बोलावून घेईल, जा, पण मीटिंगच्या कागदावर दुभाषी म्हणून तुमचं नाव आणि तारीख लिहून घ्या.